खाल्ल्या मिठाला जागायचे म्हणजे काय करायचे?

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आम्ही २००३ साली नवऱ्याच्या नोकरीनिमित्त पुण्याहून इथे आलो. ग्रीन कार्डासाठी अनेक वर्षे वाट पाहिली आणि २०१८ साली दोघांनीही अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतली. मुलगा इथेच जन्मला, आता सोळा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बेड्या घातलेल्या भारतीयांना अमेरिकी लष्कराच्या विमानाने अमृतसरला आणून उतरवले. त्या बातमीनंतर त्याने शाळेत सकाळच्या ध्वजप्रतिज्ञेला उभे राहणे बंद केले, आणि हे मला अलीकडे त्याच्या मित्राच्या आईकडून समजले. नवरा संतापला आहे. 'या देशाचे मीठ खातोस, त्या मिठाला जाग,' असे तो म्हणतो, आणि मुलगा विचारतो, 'मग उभा राहून खोटे बोलू का?' माझी अडचण वेगळीच आहे. इथले राष्ट्रगीत सुरू झाले की माझा हात आपोआप छातीवर जातो आणि गळा दाटून येतो. त्याच आठवड्यातल्या बातम्या वाचून शरमही वाटते. त्या विमानाची दृश्ये पाहताना मला जी लाज वाटली ती कोणत्या देशाबद्दलची, हेही मला सांगता येणार नाही. पुण्याची बहीण फोनवर विचारते, 'आता तुम्ही नक्की कोणाचे?' माझा रद्द झालेला भारतीय पासपोर्ट मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे; तो टाकून देववत नाही आणि पाहवतही नाही. येत्या ४ जुलैला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे होतील आणि आमच्या गल्लीत घरोघरी झेंडे लागतील. आम्ही लावावा का? मुलाला समजावावे का? आणि माझा अभिमान हे ढोंग आहे का?"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला तीन प्रश्न विचारले आहेत, परंतु पत्र वाचताना मी ज्या वाक्यापाशी अडले ते तुमच्या यजमानांचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. खाल्ल्या मिठाला जागावे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली शिकवण आहे. ज्याने पोटाला घातले त्याच्याशी बेइमान होऊ नये, एवढा तिचा साधा अर्थ. मात्र या वाक्प्रचारात नेहमी एक धनी असतो आणि एक चाकर असतो. तुमच्या कुटुंबाला मीठ देणारा हा धनी कोण, असे मी तुमच्या यजमानांना आदरपूर्वक विचारीन. वीस-बावीस वर्षे त्यांनी काम केले, कर भरला, शपथ घेतली, आणि त्या दिवसापासून मत देण्याचा अधिकार व ज्यूरीत बसण्याची जबाबदारी या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे आल्या. प्रजासत्ताकात नागरिकाच्या वर दुसरा धनी नसतो. आपल्या घरांत पाहुणा आमटीत मीठ कमी असले तरी मुकाट्याने जेवतो आणि वर "छान झाली आहे" असेही म्हणतो. घरचे माणूस मीठ मागून घेते, कधी कधी जरा मोठ्या आवाजात मागते. तुमचा मुलगा घरच्या माणसासारखा वागतो आहे. तुम्ही दोघे मात्र कागदोपत्री आठ वर्षांपूर्वी घरचे झालात आणि मनाने अजून ओसरीवरच बसला आहात, असे मला तुमचे पत्र वाचून वाटले.

हे मी वरच्या पायरीवरून सांगत नाही. २००१ च्या सप्टेंबरमध्ये मीही अशाच एका उपनगरात राहत होते आणि मला नागरिक होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी अॅरिझोनातील मेसा या गावी एका शीख पेट्रोलपंपमालकाला त्याची पगडी पाहून गोळ्या घालण्यात आल्या. ती बातमी आमच्यापर्यंत पोहोचली त्याच संध्याकाळी आम्ही दुकानातून झेंडा आणला आणि दारात लावला. शेजारच्या दारातही झेंडा होता, पण त्यांनी तो दुःखाने लावला होता आणि आम्ही भीतीने. माझ्या मुलीने विचारले, "आपण आजच का लावतोय?" मी म्हणाले, "आपल्याला या देशाचा अभिमान आहे म्हणून." अभिमान मला होता, त्यामुळे ते उत्तर पूर्णपणे खोटे नव्हते, परंतु त्या संध्याकाळचे खरे कारण ते नव्हते, आणि मुलीला ते तेव्हाच कळले होते हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. तुमच्या यजमानांच्या संतापाच्या तळाशी अशीच भीती असावी, असा माझा अंदाज आहे. आपल्या मुलाचे नाव आणि रंग पाहून उद्या कोणी त्याचे बसणे वेगळ्या अर्थाने घेईल, शाळेच्या नोंदीत काही लिहिले जाईल, महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी ते आड येईल, अशी शंका त्यांना छळत असेल. ती शंका वेडेपणाची नाही. तिला मात्र भीती म्हणूनच मुलासमोर ठेवायला हवे. निष्ठेचा उपदेश करणाऱ्या वडिलांशी सोळा वर्षांचा मुलगा वाद घालतो. "मला तुझी काळजी वाटते" असे म्हणणाऱ्या वडिलांपाशी तो निदान बसतो.

आणि मिठालाच जागायचे असेल, तर ते मीठ कोणी पिकवले हेही पाहावे लागेल. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते कायद्याच्या अर्थाने गोरे नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाहीत. त्यानंतर इतर काही भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. भारतीयांना नागरिक होण्याचा अधिकार १९४६ च्या कायद्याने मिळाला, तोही वर्षाला १०० जणांच्या स्थलांतराच्या मर्यादेसह. तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि तो कायदा ज्या वर्षांत झाला त्याच वर्षांत नागरी हक्कांचा आणि मतदानाच्या हक्काचा कायदा झाला, हा योगायोग नव्हता. वंशावरून माणसे निवडणे लाजिरवाणे आहे हे त्या देशाला पटवून देण्यासाठी काळ्या अमेरिकनांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिले, आणि कित्येकदा जिथे बसायला मनाई होती तिथे बसून राहिले. आपल्या ताटातले मीठ त्यांच्या मिठागरातले आहे. त्यांच्याशी इमान राखायचे, तर ज्याला अन्याय दिसतो त्याला "गप्प उभा राहा" असे सांगणे जड जायला हवे.

आपल्या पुण्यातल्याच एका माणसाने ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, तेव्हा ते अर्पण केले होते अमेरिकेतील भल्या लोकांना, ज्यांनी निःस्वार्थपणे आणि स्वतः झीज सोसून काळ्या लोकांना दास्यातून सोडवले त्यांना. माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, असेही त्यांनी तिथे म्हटले. या अर्पणपत्रिकेचा उल्लेख महाराष्ट्र मंडळांच्या व्यासपीठांवर आपण मोठ्या कौतुकाने करतो, पण फुल्यांनी नेमके कोणाला वंदन केले याकडे आपले लक्ष जात नाही. अमेरिकेचा झेंडा, तिची संपत्ती किंवा तिचे सैन्य यांना ते वंदन नव्हते. जे अमेरिकन आपल्याच देशातल्या कायद्याशी भांडले, ज्यांना त्यांच्या काळात पुष्कळांनी देशाचे वैरी म्हटले, त्यांच्यात फुल्यांना अमेरिकेचे मोठेपण दिसले. तुमच्या मुलाने फुल्यांचे नाव ऐकले नसेल तर ते ऐकवण्याची ही उत्तम वेळ आहे, कारण सध्या त्याच्या मनात जे चालले आहे त्याला आजोळच्या गावातून मिळालेला हा सर्वांत जुना आधार आहे.

आता त्याच्या बसण्याविषयी. कायद्याच्या बाजूने तुम्ही निश्चिंत राहा. १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदनाची सक्ती योग्य ठरवली होती आणि त्यानंतर, धार्मिक कारणाने वंदन न करणाऱ्या 'जेहोवाज विटनेसेस' या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, त्यांची मुले शाळेतून काढली गेली. तीनच वर्षांत, म्हणजे १४ जून १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आपला निर्णय फिरवला आणि देशभक्तीत काय योग्य ते ठरवून नागरिकाला तसे वदवून घेण्याचा अधिकार लहानमोठ्या कोणत्याच सरकारी अधिकाऱ्याला नाही, असे न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिले. तुमच्या राज्यात यापुढची एक गोष्ट घडली आहे. न्यू जर्सीच्या कायद्याने प्रतिज्ञा न म्हणण्याची मुभा दिली होती, परंतु ती चालू असताना सावधान उभे राहणे सक्तीचे ठेवले होते. एका शाळकरी मुलीने त्याला आव्हान दिले आणि १९७८ साली फिलाडेल्फियातील संघीय अपील न्यायालयाने उभे राहण्याची ती सक्तीही घटनाबाह्य ठरवली. तुमचा मुलगा ज्या बाकावर बसून राहतो तो बाक त्या मुलीने त्याच्यासाठी राखून ठेवला आहे. पुण्याच्या बहिणीला हे परके वाटू नये म्हणून सांगते, की केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण ते म्हणत नसत म्हणून शाळेने त्यांना काढले, तेव्हा १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना परत घ्यायला लावले, आणि त्या निकालपत्रात या अमेरिकी खटल्यांचा विचार झालेला आहे.

कायदा त्याच्या बाजूचा आहे, म्हणून त्याचे सगळेच बरोबर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ही गोष्ट त्याने वर्षभर घरात सांगितली नाही, हे मला खटकले. आज त्या बसण्याची त्याला फारशी किंमत मोजावी लागत नाही, आणि १९४० नंतर ज्या मुलांनी ती मोजली त्यांची त्याला माहिती असावी. त्याला एक प्रश्न शांतपणे विचारा: प्रतिज्ञेतला कोणता शब्द तुला उच्चारवत नाही? १८९२ साली लिहिलेली ही प्रतिज्ञा आहे, 'ईश्वराच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द तिच्यात १९५४ साली घातले गेले, आणि तिचा शेवट सर्वांसाठी स्वातंत्र्य व न्याय या शब्दांनी होतो. तो बहुधा म्हणेल, की 'सर्वांसाठी' हे खरे नाही. तसे तो म्हणाला तर तुम्हाला दुःख होण्याचे कारण नाही, कारण ज्या मुलाला त्या शब्दाचे खोटेपण बोचते त्याने तो शब्द वर्गातल्या इतर मुलांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतला आहे. आणि मग तुम्ही का उभ्या राहता ते त्याला सांगा. जे अजून झालेले नाही ते व्हावे म्हणून उच्चारायचा शब्द म्हणजे वचन, आणि वचन खरे होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा उच्चारावे लागते, असे तुमच्या मनात असेल तर तसे म्हणा. तुमच्या मनात दुसरे काही असेल तर ते सांगा. माझे शब्द उसने घेऊ नका; मुलांना उसने शब्द लगेच ओळखू येतात.

तुमच्या अभिमानाला तुम्ही ढोंग म्हटले, तो शब्द मला मान्य नाही. गळा दाटून येणे आणि शरम वाटणे या दोन्ही भावना आपलेपणातूनच येतात. शेजारच्या मुलाने चोरी केली तर आपल्याला वाईट वाटते. लाज वाटते ती आपल्या मुलाने केली तर. अमृतसरला उतरलेल्या त्या विमानात ज्यांना बेड्या होत्या त्यांच्याशी तुमचे भाषेचे, अन्नाचे, गावाचे नाते होते, आणि बेड्या घालणारे सरकार तुमच्या मताने व करावर चालते. लाज कोणत्या देशाबद्दलची, याचे उत्तर तुम्हाला सापडले नाही याचे कारण ती दोन्हींबद्दलची होती: ज्या देशाने आपल्या तरुणांना कर्ज काढून असा जीवघेणा मार्ग धरावा लागू दिला त्याचीही, आणि ज्या देशाने त्यांना जखडून परत पाठवले त्याचीही. इतकी जागी लाज ढोंगी माणसाला वाटत नाही.

या दुहेरी भावनेला अमेरिकेत फार मोठा आणि मानाचा वारसा आहे. दास्यातून निसटून मोठा वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांना न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे १८५२ साली स्वातंत्र्यदिनानिमित्त भाषणाला बोलावले होते. ते ४ जुलैला बोलले नाहीत, ५ जुलैला बोलले, आणि तुमचा हा ४ जुलै गुलामाच्या लेखी काय आहे, असे त्यांनी समोर बसलेल्या सज्जनांना विचारले. परंतु त्याच भाषणात त्यांनी जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांना शूर म्हटले आणि राज्यघटनेला स्वातंत्र्याचा तेजस्वी दस्तऐवज म्हटले. एका माणसाने एका भाषणात दोन्ही गोष्टी म्हटल्या आणि दोन्ही मनापासून म्हटल्या. तुमच्या काळजात त्या दोन एकत्र नांदतात याचे तुम्हाला ओझे का वाटावे? आज ही घालमेल केवळ आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांची राहिलेलीही नाही. गॅलप ही संस्था अमेरिकनांना देशाभिमानाविषयी २००१ पासून विचारत आली आहे, आणि २०२५ साली "अतिशय" किंवा "खूप" अभिमान वाटतो असे म्हणणारे ५८ टक्के निघाले, जो तोवरचा नीचांक होता. रिपब्लिकनांत ते प्रमाण ९२ टक्के होते आणि डेमोक्रॅटांत ३६. मला या आकड्यांतल्या पडझडीपेक्षा ही फूट अधिक चिंतेची वाटते, कारण जो अभिमान व्हाइट हाउसमध्ये कोण बसले आहे ते पाहून चढतो-उतरतो तो देशाचा थोडा आणि पक्षाचा जास्त असतो. तुमच्या पत्रात एकाही पक्षाचे नाव नाही, हे मला फार आवडले.

तुमच्या बहिणीला काय सांगावे? परदेशस्थ मंडळी अशा वेळी भारत माहेर आणि अमेरिका सासर अशी उपमा देतात. मला ती कधीच पटली नाही, कारण तिच्यातली सून आयुष्यभर सासरच्यांची मर्जी राखते, आणि नागरिकाने कोणाची मर्जी राखायची नसते. बहिणीला सरळ सांगा, की भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आपल्याला मत देता येत नाही, आणि शपथ घेताना आपण परक्या राज्यावरची निष्ठा सोडल्याचे उजवा हात वर करून म्हटले आहे. तो शब्द आपण पाळतो. निष्ठा ही कायद्याची गोष्ट आहे आणि ती एका जागी असते. माया कोणत्याही शपथेत लिहिलेली नाही, ती सोडावी असे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि बहिणीनेही तसे समजू नये. गेल्या वर्षी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले आणि कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, तेव्हापासून हा प्रश्न बहुतेक घरांतल्या फोनवर निघतो. त्या धोरणाला तुमचा विरोध असेल तर तो फोनवर बहिणीजवळ व्यक्त करण्यापेक्षा तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कार्यालयाला कळवा. तो अधिकार आता बहिणीला नाही, तुम्हाला आहे.

मुलाच्या बाबतीतही मला हेच सुचते. बसणे ही त्याची सुरुवात असू द्या, तेवढ्यावर त्याला थांबू देऊ नका. तुमच्या गावच्या शिक्षण मंडळाच्या सभा लोकांना खुल्या असतात. त्याच्याबरोबर तुम्ही दोघे एका सभेला जा आणि त्याला बोलावेसे वाटले तर बोलू द्या. पुढच्या वर्षी, सतरा पूर्ण झाल्यावर, न्यू जर्सीत त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येईल. त्या दिवशी वडिलांनी त्याच्याबरोबर असावे. मीठ मागणाऱ्या घरच्या माणसाने कधीतरी स्वयंपाकघरातही यावे लागते, आणि ही गोष्ट त्याला वडिलांनी सांगितली तर तो ऐकेल, कारण त्यात मिठाला जागण्याचा आग्रहही आहे आणि त्याच्या बसण्याचा मानही.

झेंड्याविषयी माझे मत असे, की तुम्हाला लावावासा वाटत असेल तर लावा, पण गल्लीत सगळे लावतात म्हणून लावू नका, आणि लावताना मुलाला दोरी धरायला सांगू नका. तो आपणहून आला तर येऊ द्या. त्या दिवशी फिलाडेल्फियात गर्दी होईल, म्हणून त्याआधीच्या एखाद्या रविवारी तिघे तिकडे जाऊन या. जिथे जाहीरनामा संमत झाला ते सभागृह त्याने शाळेच्या सहलीत पाहिले असेल. त्याच शहरात आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे त्याला शाळेने सांगितले नसणार, ते तुम्ही सांगा.

त्याहून महत्त्वाचे एक काम आहे. तुमच्या मुलाला नागरिकत्व जन्माने मिळाले. तुम्ही ते घेताना काय सोडलेत, शपथेच्या दिवशी सभागृहात काय वाटले, भारतीय पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का बसलेला पाहिला तेव्हा घरी येऊन तुम्ही दोघे काय बोललात किंवा बोलला नाहीत, हे तुम्ही त्याला कधी सांगितले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून मी धरून चालते की सांगितलेले नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही निमूटपणे उभे राहणारे लोक आहात. तुम्हीही एकदा काहीतरी नाकारून आणि काहीतरी स्वीकारून इथे उभे राहिलात, हे त्याला ठाऊकच नाही. बँक ४ जुलैला बंद असेल, त्यामुळे त्याच्या आधीच्या आठवड्यात जाऊन लॉकरमधला तो निळा पासपोर्ट घरी आणा, आणि जाताना मुलाला बरोबर न्या.